सातव्या पत्रातला पंप

९ जानेवारी १९९४

मामा,

नमस्कार, तब्येतीची चौकशी वगैरे सगळं झालं असं समज आणि आधी खुर्चीत नीट बस. मी मोटरसायकल घेतेय. तू अडुसष्ट साली गेला होतास ना, त्याच रस्त्याने त्या टोकापर्यंत जातेय. एकटी.

ओरडलास? ओरड खुशाल, इथवर ऐकू येत नाही. फोन केला असता, पण चाळीस वर्षं सायलेन्सरला कान लावून बसल्यावर तुला फोन काय कामाचा! मागच्या वेळी मी दहा मिनिटं बोलले आणि शेवटी तू विचारलंस, "कोण बोलतंय?"

आई जाऊन वर्ष झालं. परवा तिचं कपाट आवरलं, तर तुझी रस्त्यावरून आलेली अकरा पत्रं निघाली, निळ्या फितीत बांधलेली. पाकिटं नाहीत, नुसती पत्रं. लहानपणी ती आम्हाला वाचून दाखवायची तेव्हापासून मला अर्धी पाठच आहेत. तू घरी आलास की ती तुला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावायची, आठवतं? आणि वर तुलाच दुरुस्त करायची. तू म्हणायचास, "पंपापाशी चार झाडं होती," की हिचं लगेच, "तीन रे. तीन झाडं." प्रवास तुझा आणि धडा घेणार ही! पण शेवटी नेहमी म्हणायची, "एकदा बघायला हवं गं ते सगळं." बाजार आणि दवाखाना सोडून कुठे गेली नाही बिचारी.

मला इथे आता बसवत नाही, मामा. गणवेशाच्या कारखान्यात नऊ वर्षं मी तीच बाही कापतेय. कापडाचे साठ थर एकावर एक, वरून सुरी फिरवायची, बाह्या साठ. घरी जेवायला बसले तरी टेबलाखाली पाय हलत असतो. दादा म्हणतो, तुझ्यामुळे माझा चहा बशीत येतो. त्याला बेत सांगितला तर म्हणाला, "एकतिसाव्या वर्षी लोक संसार करतात, हिला भटकायचंय."

एक एप्रिलपासून नव्वद दिवसांची बिनपगारी रजा मिळालीय. मेच्या मध्यावर नदीला पाणी चढतं आणि रस्ता बंद होतो, म्हणजे त्याआधी पलीकडे पोचायला हवं. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक निवृत्त हेडमास्तरांची साडेतीनशे सीसीची, भारदस्त, अगदी तुझ्यासारखी. दुसरी एका फोटोग्राफरची शंभरची, अंगाने किडकिडीत. कुठली घेऊ? आणि सोबत काय काय घेऊ? तू म्हणशील ती पूर्व दिशा.

तुझी,
खटपटी


१७ जानेवारी

खटपटे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तू चेष्टा करतेस.

माझं ऐकशील तर जाऊ नकोस. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच. रस्ता म्हणजे धूळ, दगड आणि कंबरदुखी. पण तू ऐकणार नाहीस, कारण तू ताईची मुलगी आहेस. ती वरून मऊ होती आणि आतून तुझ्याहून हट्टी. तेव्हा कामाचं बोलतो.

गाडी बघायला जाशील तेव्हा मालकाशी गप्पा मारायच्या आधी इंजिनाला हात लाव. कोमट लागलं तर समज की तू येण्याआधी त्याने चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड असताना ती सुरू होत नाही आणि हे त्याला लपवायचंय. मग चाकाच्या तारा पान्याने हलकेच ठोकत जा. सगळ्या एका आवाजात बोलल्या पाहिजेत. एखादी बद्द बोलली तर ती ढिली आहे. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलव, हँडलपाशी कट्कट् झाली तर सोडून दे. रंगाकडे बघू नकोस. रंग म्हणजे तोंडाला लावलेली पावडर.

आणि आता माझी एक अट. ही पाळणार नसशील तर पुढचं काही विचारू नकोस. प्रवासाचं सगळं सामान गाडीवर बांधायचं, गाडी जमिनीवर आडवी पाडायची आणि तू एकटीने ती उभी करायची. गाडीकडे पाठ कर, खाली बस, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धर, आणि पायांनी रेटत मागे मागे चाल. कंबरेने उचलू नकोस, आडवी होशील. एकदा नाही, लागोपाठ तीनदा.

तू म्हणशील, पडली तर सामान सोडीन आणि मग उचलीन. पाय खाली अडकला असेल तर सामान सोडायला कोण येणार? तुझा दादा?

जी तीनदा उचलशील ती घे. भारदस्त दिसायचं असेल तर हेडमास्तरांचा फोटो घे.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

नुसतं सांगायला काय जातं, उचलली जीभ लावली टाळ्याला! माझी काय वरात निघाली ते ऐक.

हेडमास्तरांच्या अंगणात मी त्यांची साडेतीनशे आडवी पाडली. आधी परवानगी घेतली होती, पण त्यांना वाटलं मी गमतीत विचारतेय. गाडी जमिनीला टेकली तसा त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो वर्गात कधी आला नसेल. मग मी पाठ करून बसले आणि रेटा दिला. गाडी वीतभर उठली, आणि मीच तिच्यावर बसले. पुन्हा. पुन्हा. शेवटी हेडमास्तर, त्यांची बायको आणि शेजारचा रंगारी अशा तिघांनी उभी केली. बाई मला पाणी देताना म्हणाली, "बरं झालं. आता तरी विकायचं डोक्यातून काढतील."

फोटोग्राफरची किडकिडी घेतली. इंजिन थंडगार होतं, तारा एका सुरात. दोन उशा आणि विटा बांधून तीनदा उचलली. खरंच उचलली, मामा! तिसऱ्यांदा उभी केली तेव्हा गल्लीत कोणी नव्हतं, तरी मी हात वर करून सलाम ठोकला.

आता टाकीचं. हिची टाकी आठ लिटरची. सामानासकट लिटरला पस्तीस धरले तर दोनशे ऐंशी किलोमीटर. पूर्ण रस्त्यात अडचण एकच, नदीकाठच्या गावापासून पठारापलीकडच्या गावापर्यंतचे चारशे साठ किलोमीटर. नकाशात मधे नुसता कोरा कागद. मग तुझं सातवं पत्र काढलं: "गावापासून एकशे नव्वदाव्या किलोमीटरला तीन झाडं आहेत आणि तिथे पंप आहे. पंपावरचा म्हातारा पंक्चरही काढतो. त्याने मला स्वतःची खाट दिली आणि आपण बाहेर जमिनीवर निजला." झालं की काम! तिथे टाकी भरायची, पाणी भरायचं, मुक्काम करायचा. आमचं घोडं जिथे पेंड खात होतं तिथे तू सव्वीस वर्षांपूर्वीच पंप काढून ठेवलास.

तुझ्याकडे आईने शिवलेला कॅनव्हासचा कोट अजून आहे का? असला तर पाठव. त्याच्यावरून माझा बेतते.

तुझी,
खटपटी


१० फेब्रुवारी

खटपटे,

गाडी चांगली घेतलीस. कोट पार्सलने पाठवला आहे.

टाकीचं मला पटलं नाही. सव्वीस वर्षांत काय काय होतं. पंप बंद पडतात, म्हातारे मरतात. तू पाच-पाच लिटरचे दोन डबे घे, दोन्ही बाजूंना एकेक. पाणी दोन लिटर नाही, सहा. ट्यूब दोन, पंक्चरचं सामान, हवा भरायचा हातपंप. क्लचची आणि ॲक्सिलरेटरची तार जुन्या तारेच्या जोडीने आत्ताच ओवून ठेव, तुटली की नुसती जोडायची. हातमोजे पातळ घे. जाड मोज्यांत बोटांना ब्रेक कळत नाही.

पाणी अडवायच्या पिशव्या, तंबू, स्टोव्ह असलं काही दुकानदार गळ्यात मारील. घेऊ नकोस. पेट्रोल आणि पाणी, एवढंच धर.

सातव्या पत्रावर फार विसंबू नकोस. माणूस तरुणपणी काहीबाही लिहितो.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

कोट आला. टेबलावर पसरला आणि आईचा हात ओळखला. खांद्याला दुहेरी शिवण, काखेत चौकोनी ठिगळ, म्हणजे हात पुढे नेला तरी ओढ बसत नाही. मी नऊ वर्षं कापड कापतेय, पण असं काखेचं काम आमच्या कारखान्यातल्या मास्तरांनाही जमत नाही. थोडी रडले. मग टेप घेतली.

आणि तू वस्तू काय जपून वापरतोस रे! तीन महिने गाडीवर बसलेला कोट, पण बसायच्या जागी घासला नाही, कोपर अजून करकरीत. फक्त मनगटाला काळं तेल मुरलंय. बरीच दुरुस्ती करावी लागलेली दिसते वाटेत. दादाला दाखवला आणि म्हटलं, बघ, याला म्हणतात शिवण! तो म्हणाला, "कोट बरा आहे, पण तो घालणारा परत आला म्हणून."

आता भांडण. डबे मी घेणार नाही. तुझ्याच अटीप्रमाणे सगळं सामान बांधून रोज कारखान्यातून आल्यावर गाडी पाडते आणि उचलते. गल्लीतल्यांना सवय झालीय, आता कोणी खिडकीतसुद्धा येत नाही. बावीस किलोपर्यंत तिन्ही वेळा उठते. अठ्ठावीसला रडतखडत. तू सांगतोस तेवढं पेट्रोल आणि पाणी धरून सगळं पस्तीस. पस्तिसाला ती ढिम्म हलत नाही. एक तर तुझी उचलायची अट पाळू, नाहीतर तुझे डबे घेऊ. दोन्ही एकदम कसं व्हायचं? आणि जिथे पंप आहे तिथे डबे कशाला? तूच लिहिलंयस, तूच झोपलायस त्या खाटेवर. वय झालं मामा तुझं, भित्रा झालास. राग आला तर येऊ दे.

एक गंमत. त्या म्हाताऱ्यासाठी मी सदरा शिवतेय. त्याने तुला स्वतःची खाट दिली, एक पैसा घेतला नाही, आणि आपल्या घरातून कोणी त्याला साधं पोस्टकार्ड पाठवलं नाही. आज तो नसेल कदाचित, पण मुलगा असेल, नातू असेल. कारखान्यातलं उरलेलं खाकी कापड मास्तरांनी दिलं. बाह्या आणि कॉलर कापून ठेवलीय. अंगाने कसा होता तो? तुझ्यापेक्षा रुंद की बारीक? छाती अंदाजे कळव.

तुझी,
खटपटी


८ मार्च

मामा,

पंधरा दिवस झाले. उत्तर नाही. भित्रा म्हटलं म्हणून रुसलास का? मी शब्द मागे घेते. अर्धा.

इथे मला चैन पडत नाहीये. गाडी तयार आहे, कोट शिवून झाला, पिशव्या झाल्या. रोज सामान बांधते, सोडते, पुन्हा बांधते. काल टेबलावर थर कापताना हात घसरला आणि साठ बाह्या तिरप्या गेल्या. मास्तरांनी त्या गोळा करून चिंध्यांच्या पोत्यात टाकल्या. दादा म्हणतो, मामांचं पत्र नाही, हे लक्षण चांगलं नाही, जाऊ नकोस.

मी एक तारखेला निघतेय. तुझं पत्र येवो न येवो. सातवं पत्र खिशात आहे, मला तेवढं पुरेल. सदऱ्याची छाती मी तुझ्या कोटावरून अंदाजाने धरतेय.

खटपटी


१४ मार्च

खटपटे,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. बसून वाच.

पंप नाही. म्हातारा नाही. झाडं नाहीत. असली तर मला माहीत नाहीत, कारण मी तिथे कधी गेलोच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पडलो. नदीच्या अलीकडे एक खडीचा उतार आहे, त्याच्या वळणावर. मेकॅनिक ना मी, अर्धं गॅरेज बरोबर घेतलं होतं. लोखंडाच्या दोन पेट्या भरून हत्यारं, दोन्ही बाजूंना. गाडी आडवी झाली आणि डावा पाय खाली गेला. पेटी मांडीवर. पेट्रोल टिपटिप गळतंय, वास येतोय आणि मी हलू शकत नाही. जगातली कुठलीही गाडी खोलून जोडून देणारा माणूस मी, आणि माझीच गाडी मला तसूभर सरकवता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. ड्रायव्हर आणि क्लीनरने एका झटक्यात उभी केली. एक झटका, बस. एवढंच हवं होतं.

त्यांनी मला जवळच्या गावी ट्रकच्या डेपोत सोडलं. गाडी आठवड्यात तयार झाली. पाय तीन आठवड्यांत. मी काही तयार झालो नाही. तो उतार पुन्हा चढायची हिंमत होईना, आणि घरी कुठल्या तोंडाने जाणार? सगळी गल्ली निरोपाला आली होती. ताईने आठ दिवस बसून कोट शिवला होता. तेव्हा तिथेच डेपोत ट्रकांखाली पडून कामं केली, तीन महिने. मनगटाचं काळं तेल ते. तू कोटाचं कौतुक लिहिलंस ना, ते वाचून मला जेवण गेलं नाही.

ड्रायव्हर चहा पिताना रस्त्याच्या गोष्टी सांगायचे, त्या ऐकून मी पत्रं लिहायचो. थोडं त्यांचं, थोडं माझं. सातवं पत्र मात्र सगळं माझं, लोणकढी थाप. पठारावर मुक्कामाला जागा नाही असं ड्रायव्हर म्हणत होते, आणि माझ्या मनात आलं, ताई हे वाचेल, रात्रभर तळमळेल. म्हणून मी तिच्यासाठी पंप काढला. तो भला म्हातारा काढला. त्याच्या खाटेवर निजलो असं लिहिलं, म्हणजे ती स्वस्थ झोपेल.

पंचवीस वर्षं ती मला ते सांगायला लावायची आणि मी सांगायचो. ती गेली तेव्हा, देवाशपथ, दुःखात मला एक सुटका वाटली. आता कोणी विचारणार नाही. आणि तू जानेवारीत पत्र टाकलंस.

तुझ्या पहिल्या पत्रालाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण लाज वाटली. डब्यांच्या आडून भागतंय का बघत होतो. तुझा जीव जाईल हे कळत होतं, तरी पंधरा दिवस लाज मोठी ठरली. मला भित्रा म्हणालीस. अर्धा शब्द मागे घेऊ नकोस.

जाऊ नकोस असं सांगायचा हक्क मला राहिला नाही. माझ्या पत्रावर जाऊ नकोस, एवढंच.

मामा


२३ मार्च

मामा,

आधी रागाचं लिहिते. खूप आला. पत्र वाचून मी गाडीवर बसले आणि गावाबाहेर जाऊन मोठ्याने तुला शिव्या दिल्या. तू सव्वीस वर्षांपूर्वी थाप मारलीस त्याचं मला काही वाटत नाही. पण मी त्या थापेवर पाण्याचा हिशोब करत होते आणि तू गप्प बसलास, त्याचं वाटतं. रडलेही. झालं ते झालं.

घरी आले आणि सदरा उसवायला बसले. कोणासाठी शिवायचा? तो माणूसच नाही. मशीनवर पसरून सुईने टाके उसवत होते, तर सुई मोडून तिचा तुकडा पट्टीच्या फटीत पडला, म्हणून आईचं मशीन मागे कलतं केलं. खाली लाकडी खोकं आहे ना, जिथे धाग्याचे तुसे साठतात, तिथे एक पुडकं होतं. मेणकापडात गुंडाळलेलं.

मामा, त्यात पाकिटं होती. तुझ्या अकरा पत्रांची अकरा पाकिटं. आणि अकराच्या अकरांवर एकाच गावचा शिक्का. डेपोचं गाव.

एवढी हुशारी केलीस आणि टपालाचा शिक्का विसरलास! पंक्चर काढायला निघालास आणि वाल्व्ह उघडाच ठेवलास.

आईला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. दादाने, बाबांनी, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून तिने पाकिटं काढून घेतली आणि पत्रं तेवढी बाहेर ठेवली. कोणी कधी विचारलं नाही, पाकिटं कुठायत म्हणून. मग मला एकदम आठवलं, "तीन रे. तीन झाडं." आम्हाला वाटायचं ती तुला चिडवते. ती तुला सांभाळत होती, मामा. तू चार म्हणालास तर कोणाला तरी संशय येईल, म्हणून तुझी थाप तिने तुझ्यापेक्षा नीट पाठ करून ठेवली होती. पंप नाही हे तिला माहीत होतं. म्हातारा नाही हेही. तू कुठल्या तरी डेपोत ट्रकखाली पडलायस एवढं माहीत होतं, आणि तू सुखरूप आहेस एवढ्यावर ती झोपत होती.

हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. आता माझं सांग. पस्तीस किलो मी काल पुन्हा तीनदा उचलून बघितलं, उठत नाही. गाडी बदलायला वेळ नाही. रजा आठ दिवसांनी सुरू होते आणि नदी माझ्यासाठी थांबणार नाही. मला जायचंच आहे, मामा. पाय अजून टेबलाखाली हलतोय. काय करू? तुझं उत्तर येईपर्यंत निघत नाही. या वेळी खरं सांग.

खटपटी


६ एप्रिल

खटपटे,

हे पत्र उघडताना पाकीट टाकलं असशील तर केराच्या टोपलीतून काढ आणि शिक्का बघ. नदीकाठच्या गावचा आहे. मी आहे त्याच्याही पुढे, पण इथे पोस्ट नाही, म्हणून ट्रकवाल्याकडे पत्र दिलं. तेवढी सूट दे.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस घरात नुसता फिरत होतो. ताईला ठाऊक होतं. मी परत आलो तेव्हा दारात तिने कोट माझ्या हातातून घेतला, मनगट बघितलं आणि म्हणाली, "दमला असशील. आधी आंघोळ कर." सव्वीस वर्षं मला वाटत होतं, मी तिला फसवलं. किती वेडा मी! तुझं पत्र हातात घेऊन साठीचा माणूस हमसून हमसून रडला. मग उठलो, कुलूप लावलं. एकटा जीव सदाशिव, विचारायचं कोणाला?

बस, मग ट्रक. तो उतार आला तेव्हा ड्रायव्हरला थांबवायला सांगितलं आणि खाली उतरलो. इतका साधा उतार आहे, खटपटे. तुझ्या गल्लीतला असावा तसा. दहा मिनिटं उभा राहिलो आणि पायाने खडी बाजूला सारली. मग पुढे निघालो. या रस्त्याने नदीच्या पुढे मी पहिल्यांदाच गेलो.

आता खरं सांगतो, ट्रकच्या किलोमीटरच्या काट्यावर मोजून. एकशे नव्वदला काहीही नाही. तिथे थांबून शोधत बसू नकोस. दोनशे छत्तीसला रस्त्याच्या कामगारांची एक पत्र्याची शेड आहे, डाव्या हाताला, पाण्याची टाकी आहे. पुढे गावापर्यंत दोनशे चोवीस. म्हणजे तुझ्या टाकीत दोन्ही टप्पे बसतात, फक्त मधे कोणी तरी पेट्रोल घेऊन बसायला हवं.

मी बसलोय. मुकादमाचा रोलर दोन महिने बंद होता, तो चालू करून दिला. बदल्यात शेडची एक बाजू आणि खाट मिळाली. ट्रकवाल्याने वीस लिटरचा डबा आणून दिला. पंक्चरचं सामान आहे, हातपंप आहे. तू बावीस किलोच घे आणि उचलून दाखवल्याशिवाय पुढे सोडणार नाही. निघायची तारीख डेपोच्या पत्त्यावर कळव, ट्रकवाले मला निरोप देतील. तू येशील त्या दिवशी खाट तुझी. मी बाहेर जमिनीवर निजेन, तसं लिहूनच ठेवलंय.

झाड एकच आहे, तेही वाकडं. ताईने मला इथे दुरुस्त केलं असतं का, याचा विचार करत त्याखाली बसतो.

तो सदरा पूर्ण उसवला नसशील तर परत शिवायला घे. म्हातारा तुझ्या अंदाजापेक्षा बारीक आहे. छाती छत्तीस. बाह्या लांब ठेव, इथे ऊन फार आहे.

मामा